डोंबारी चंडोल आणि जिल्ह्यातली शेवटची प्रत

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागलं की वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज येतं. आधी द्राक्षबागा, आणि बागा मागे पडल्या की माळ. माळढोकाचं अभयारण्य इथलंच. माळढोक आता जवळपास दिसेनासाच झालाय, तरी सवयीनं आम्ही जातो. अशाच एका फेब्रुवारीतल्या सकाळी, आजूबाजूला ज्वारीची काढणी चाललेली असताना, चिमणीएवढा एक पक्षी समोरच्या ढेकळांतून उठला. पंख फडफडवत तो सरळ वर गेला, दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तरी पोचणार नाहीत इतका वर, आणि तिथून पंख मिटून दगडासारखा खाली आला. आता आपटणार असं वाटलं तेवढ्यात त्याच जोरावर पुन्हा वर उसळला. पुन्हा खाली, पुन्हा वर. दोन-तीनदा असं करून एका ढेकळावर जाऊन बसला आणि बसल्याक्षणी नाहीसा झाला, कारण पाठीचा रंग मातीचा.

हा पक्षी मी जन्मभर पाहिला असणार. आमच्या शेतात तो होताच. पण मी त्याला कधी ‘पाहिलं’ नव्हतं. चिमणी म्हणून नजर पुढे जायची. त्या दिवशी मात्र पिशवीत पक्ष्यांवरचं एक छोटं मराठी पुस्तक होतं, त्यात तो सापडला. नाव डोंबारी चंडोल. नराचं पोट काळं, माथा राखाडी. मादी साधी, मातकट. उघड्या माळावर आणि पडीक रानात राहणारा. नराच्या त्या हवेतल्या कसरती बघूनच कुणीतरी त्याला डोंबाऱ्याचं नाव दिलेलं असणार. त्यानंतर आजपर्यंत असं झालेलं नाही की मी माळावर गेलो आणि डोंबारी दिसला नाही. पक्षी वाढलेले नाहीत. एका शब्दानं माझे डोळे उघडले.

ते पुस्तक मी दुकानातून विकत घेतलेलं नव्हतं. रद्दीवाल्याकडून, किलोच्या भावानं आणलं होतं. आतल्या पानावर एका ग्रंथालयाचा शिक्का आणि त्यावर आडवी रेघ मारून लिहिलेलं ‘निर्लेखित’, म्हणजे ग्रंथालयाच्या संग्रहातून काढून टाकलेलं. मागच्या पानावर परतीच्या तारखांची चिठ्ठी तशीच चिकटलेली. तिच्यावर एकूण चार तारखा होत्या.

या चार तारखांबद्दल मला लिहायचं आहे. चारच तारखा पडलेलं पुस्तक ठेवायचं कशाला, हा प्रश्न ग्रंथालयाच्या कार्यकारिणीत विचारला जातो, प्रकाशकाच्या कचेरीत विचारला जातो, आणि घर बदलताना आपणही स्वतःला विचारतो. उत्तर बहुतेक वेळा ‘द्या काढून’ असंच येतं. माझं म्हणणं असं की पुस्तकाची किंमत किती जणांनी नेलं यावर ठरवणं हीच मुळातली चूक आहे, आणि या चुकीत सगळ्यात आधी दोन प्रकारची पुस्तकं बळी पडतात. पहिली म्हणजे एकाच विषयाला वाहिलेली माहितीची पुस्तकं: पक्ष्यांची, औषधी वनस्पतींची, रांधण्याची, गडकोटांची, गावकारभाराची. दुसरी म्हणजे ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, किंवा गेलं आणि लगेच उडालं, अशा कादंबऱ्या. वरवर बघता या दोन जातींचा एकमेकींशी काही संबंध नाही. माझा अनुभव वेगळा आहे. दोन्ही एकाच सवयीतून जन्मतात. एक माणूस एका गोष्टीकडे वर्षानुवर्षं बघत बसतो आणि जे दिसलं ते नेमक्या शब्दांत उतरवतो. किती जण वाचतील हा विचार त्याच्या मनात नसतोच.

मारुती चितमपल्ली आमच्या सोलापूरचे. नोकरी वनखात्यात, उभा जन्म जंगलात, आणि गेले ते २०२५ च्या जूनमध्ये सोलापुरातच. त्यांचा ‘पक्षीकोश’ उघडला की त्यामागची पायपीट जाणवते. एका पक्ष्याला कुठल्या मुलखात काय म्हणतात हे कळायला त्या मुलखातल्या माणसांजवळ बसावं लागतं. रानात राहणारा, मासे धरणारा, गुरं राखणारा माणूस त्या पक्ष्याला एका नावानं ओळखतो, आणि त्या नावात पक्ष्याची चाल, आवाज, खोडी सगळं साठवलेलं असतं. धावत पळणारा तो धाविक. डोंबाऱ्यासारख्या कोलांट्या घेणारा तो डोंबारी. अशी नावं एकदा बोलणाऱ्याच्या तोंडून गेली की परत येत नाहीत. ती कुणीतरी वेळेवर लिहून ठेवलेली असावी लागतात.

लोक म्हणतात, आता मोबाइलवर सगळं मिळतं. मिळतं, पण विचारता आलं तर मिळतं. शोधायला आधी शब्द लागतो, आणि मला तर आपण काय विचारायचं आहे हेच ठाऊक नव्हतं. माहितीचं चांगलं पुस्तक न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देतं. डोंबारी शोधताना शेजारच्या पानावरचे दुसरे चंडोल दिसले, आणि मग माळावरच्या ज्या पक्ष्यांना मी एकाच पोत्यात घातलं होतं ते वेगवेगळे झाले.

मराठीत ही परंपरा जुनी आणि दणकट आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ हे रांधण्याचं पुस्तक १८७५ सालचं. शंकर दाजी शास्त्री पदे यांचा औषधी वनस्पतींवरचा ‘आर्यभिषक्’ आजही कितीतरी घरांत आजोबांच्या कपाटातून निघतो. यांपैकी एकालाही साहित्याच्या इतिहासात पान मिळत नाही, मिळालीच तर एखादी ओळ. मला हे पटत नाही. एखाद्या पाल्याचा रंग, वास, कडा, तो कुठे उगवतो आणि कधी वाळतो हे चार वाक्यांत असं सांगायचं की वाचणाऱ्यानं बांधावर जाऊन तोच पाला तोडावा, यात भाषेची कसोटी लागते. कवीच्या चुकलेल्या शब्दानं कुणी आजारी पडत नाही.

पण माहितीच्या पुस्तकांचं मी नुसतंच गुणगान करत नाही. डोंबारी या शब्दानंच मला पुढच्या अवघड जागी नेलं.

पक्ष्याच्या नावात डोंबारी आहे, मग माणसांतला डोंबारी कुठे गेला? लहानपणी आमच्या वेशीत खेळ व्हायचा. दोन बांबूंच्या कातऱ्या, मधे ताणलेला दोर, दोरावर सात-आठ वर्षांची मुलगी, खाली तिचा बाप ढोलकी वाजवतोय. खेळ संपला की तीच मुलगी थाळी घेऊन फिरायची. यांच्याबद्दल कुठे लिहिलंय हे शोधत मी त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’पर्यंत पोचलो. १९१५ सालचं पुस्तक. आत्रे महसूल खात्यात होते, खेडी त्यांनी आतून पाहिलेली. वतनदार, बलुतेदार, अलुतेदार, खळ्यावरच्या राशीतून कुणाचा वाटा किती निघतो, कुणब्याच्या हातात शेवटी काय उरतं, हे सगळं त्यांनी ज्या बारकाईनं मांडलंय तसं नंतर फार थोड्यांना जमलं. ज्याला महाराष्ट्राचं खेडं समजून घ्यायचं आहे त्यानं हे पुस्तक टाळू नये. मात्र गावोगाव हिंडणाऱ्या फिरस्त्यांचा विषय आला की आत्र्यांची नजर कठोर होते. तिथे ते कुणब्याच्या बाजूनं उभे आहेत, आणि मागणारा, खेळ करणारा, तळ ठोकणारा माणूस त्यांना गावावरचा भार दिसतो. याच आत्र्यांनी त्याआधी ‘गुन्हेगार जाती’ नावाचं पुस्तक लिहिलं होतं. ते कुठल्या बाजूनं लिहिलंय हे नावातच कळतं.

तेव्हाचा कायदाही तसाच होता. १८७१ साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे तो वाढवत नेला, आणि जन्मानंच माणूस गुन्हेगार ठरू लागला. सोलापुरात अशा जमातींना तारेच्या कुंपणात ठेवलं गेलं. बाहेर गिरण्यांना कामगार हवेच होते. दिवसाची हजेरी, जाण्यायेण्याला परवानगी. कायदा गेला १९५२ च्या ऑगस्टअखेर. तारा गेल्या, पण त्या भागाला आजही आम्ही सोलापूरकर ‘सेटलमेंट’च म्हणतो. रिक्षावाल्याला सांगतो, सेटलमेंटला सोड. मीही चाळीस वर्षं तो शब्द तसाच वापरला, पक्ष्याला चिमणी म्हणत होतो तसाच, न बघता.

तो शब्द मला दाखवला एका कादंबरीनं. विभावरी शिरूरकर म्हटलं की मराठी वाचकाला १९३३ चं ‘कळ्यांचे निःश्वास’ आठवतं, त्यावर उठलेलं वादळ आठवतं, टोपणनावामागे कोण आहे याची त्या वेळची चर्चा आठवते. म्हणजे मालतीबाई बेडेकर. त्यांची ‘बळी’ ही १९५० सालची कादंबरी किती जणांनी वाचली आहे हे मी माझ्या ओळखीच्या वाचणाऱ्या माणसांना विचारत आलोय. सोलापुरातसुद्धा उत्तर क्वचितच ‘हो’ येतं. तारेच्या कुंपणाआडच्या मांग-गारुड्यांच्या जगण्याची ही कादंबरी, आणि ती लिहिणाऱ्या बाई स्वतः सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये अधिकारी म्हणून काम केलेल्या. म्हणजे हजेरीच्या वहीच्या या बाजूला बसलेल्या. वहीत फक्त नाव आणि खूण असते. बाईंनी ते नाव घेतलं आणि ते धारण करणारा माणूस समोर उभा केला. तिथे दहा-बारा वर्षांपूर्वी जे पाहिलं होतं ते त्यांनी कादंबरीत आणलं, तेव्हा देशपातळीवर तो कायदा अजून रद्द झालेला नव्हता. दोन वर्षांनी तो रद्द झाला.

मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. याच मालतीबाईंनी तरुणपणी हिंदू व्यवहार धर्मशास्त्रावरच्या एका ग्रंथाचं सहलेखन केलं होतं. कायद्याचं पुस्तक काय असतं, कलम माणसाचं काय करतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यामुळे ‘बळी’त दयेचा उमाळा कमी आणि बघणं जास्त आहे. कुंपणाच्या आत राहणाऱ्याच्या जागी त्या कधीच नव्हत्या, हे खरं. आतून लिहिणारे हात पुढे आले, आणि त्यांचं लेखन वेगळंच आहे. पण आत्र्यांचं पुस्तक आणि बाईंची कादंबरी एका टेबलावर शेजारी ठेवून वाचली तेव्हा मला माझं गाव पहिल्यांदा समजलं. आत्र्यांनी व्यवस्था दाखवली, तिच्यातला न दिसणारा कोपरा बाईंनी. एकट्या ‘गावगाड्या’वर थांबलो असतो तर फिरस्त्यांकडे आत्र्यांच्याच डोळ्यांनी बघत राहिलो असतो. एकटी ‘बळी’ वाचली असती तर हळहळलो असतो, पण शेतकऱ्याच्या खळ्यापासून सेटलमेंटच्या तारेपर्यंतचा रस्ता मला दिसला नसता.

म्हणून मी म्हणतो, ही दोन्ही पुस्तकं एकाच कपाटात हवीत.

बऱ्याच जणांना वाटतं की कादंबरी मागे पडली म्हणजे ती फारशी चांगली नसणार, काळानं निवाडा केलाच. काळ निवाडा करत नाही. निवाडा करतात पुनर्मुद्रणाचा खर्च, अभ्यासक्रमातलं स्थान, बोलीभाषेची भीती. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० ची. समीक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं, तरी आमच्याकडच्या वाचकाच्या हातात ती टिकत नाही, कारण पहिल्याच पानांत वऱ्हाडी बोली समोर येते. मीही दोनदा खाली ठेवली होती. तिसऱ्यांदा ती मोठ्यानं वाचली, एकटाच, गच्चीवर. आठ-दहा पानांत कानाला वऱ्हाडी कळू लागली आणि कौतिक माझ्याशी बोलू लागली. शिंप्याच्या घरातली ती बाई, नवऱ्याचं नाकर्तेपण आणि मग त्याचं दुखणं अंगावर घेऊन संसार ओढणारी. तिचे शब्द प्रमाण मराठीत घातले असते तर तिची अर्धी जिद्द तिथेच विझली असती. कानाला आठ-दहा पानं देण्याची तयारी एवढंच या पुस्तकानं माझ्याकडून मागितलं होतं.

आता समोरची बाजू. सगळी विसरलेली पुस्तकं वाचण्याजोगी नसतात. बहुतेक नसतातच. रद्दीवाल्याकडे मी दर महिन्याला जातो, आणि दहातली आठ पुस्तकं हातात घेऊन परत ठेवतो. जुनं म्हणून चांगलं असं मी मानत नाही. माझी कसोटी साधी आहे. कुठलंही पान उघडायचं आणि बघायचं, घरी खुर्चीत बसून कळणार नाही असं काही या पानावर आहे का? एखादं हत्यार, एखादी रीत, एखादं माप, एखाद्या कामाचा क्रम, एखाद्या माणसाची बोलण्याची तऱ्हा, जी जाऊन पाहिल्याऐकल्याशिवाय लिहिता येत नाही? असेल तर पुस्तक घ्यायचं. ही कसोटी पाककृतींच्या पुस्तकालाही लागते आणि कादंबरीलाही. कितीतरी गाजलेल्या कादंबऱ्या या कसोटीवर माझ्या हातून सुटल्या आहेत.

आणि ग्रंथालयांची अडचण मला दिसत नाही असं नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गाप्रमाणे अनुदान. त्या अनुदानात कर्मचाऱ्याचा पगारही धड निघत नाही. अनुदानातून दरवर्षी नवी पुस्तकं घ्यावीच लागतात, इमारत मात्र तेवढीच राहते. पावसाळ्यात भिंतीला ओल, उन्हाळ्यात वाळवी. वाचनकक्षात स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळी सातपासून जागा धरून बसतात, आणि ती बसलीच पाहिजेत. त्यांच्या घरी अभ्यासाला कोपरा नसतो. अशा वेळी ग्रंथपाल कपाट रिकामं करतो तेव्हा त्याला दोष देऊन मी मोकळा होणार नाही.

दोष आहे तो याद्या करण्याच्या पद्धतीत. ज्या ग्रंथालयातून माझं पक्ष्यांचं पुस्तक बाहेर पडलं तिथे मी नंतर चौकशी केली. यादी करताना एकच गोष्ट पाहिली गेली होती: गेल्या पाच वर्षांत देवघेव झाली की नाही. यादीत काय काय आहे हे विषय जाणणाऱ्या कुणालाही दाखवलं नव्हतं. जिल्ह्यात दुसरीकडे प्रत आहे का, हे कुणी विचारलं नव्हतं. वजनकाट्यावर मालिकांवर बेतलेल्या रहस्यकथांच्या तीन-तीन प्रती आणि पक्ष्यांच्या पुस्तकाची एकुलती एक प्रत सारखीच मोजली गेली.

माझी मागणी मोठी नाही. निर्लेखनाची यादी महिनाभर ग्रंथालयाच्या फलकावर लावावी. एखादं पुस्तक जिल्ह्यातल्या कुठल्याच दुसऱ्या सार्वजनिक ग्रंथालयात नसेल तर ते रद्दीत जाऊ नये. जिल्हा ग्रंथालयानं ते मागून घ्यावं. एक खोली, चार कपाटं. ‘जिल्ह्यातली शेवटची प्रत’ एवढा शिक्का पुरे.

कुणी म्हणेल, १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाच्या प्रती कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांना पाठवाव्या लागतात, मग काळजी कसली? पण कोलकात्याच्या कपाटातल्या प्रतीनं माझ्या गावातल्या मुलाला डोंबारी चंडोल दाखवता येणार नाही. आणि १९५४ च्या आधीच्या पुस्तकांचं काय? शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० पर्यंतच्या मराठी छापील पुस्तकांची सूची दोन भागांत केली. एका माणसानं उभं आयुष्य घालवून केलेलं काम. ते चाळताना दर दोन पानांआड वाटतं, हे पुस्तक आज कुठे असेल? नाव आहे, साल आहे, पृष्ठसंख्या आहे. पुस्तक कुठल्या तरी तालुक्याच्या वाचनालयात, मागच्या खोलीत, शेवटच्या फळीवर असलं तर असेल.

दुसरा मार्ग संगणकीकरणाचा. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. ‘सूपशास्त्र’ किंवा ‘गावगाडा’ कुणीही स्कॅन करून सर्वांसाठी खुलं करावं, अडकाठी नाही. साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपली बरीच पुस्तकं मोफत उपलब्ध केली आहेत, त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. पण मालतीबाई २००१ साली गेल्या. म्हणजे ‘बळी’ २०६२ उजाडल्याशिवाय खुली होणार नाही. तोवर पुनर्मुद्रण निघत राहिलं तर ठीक, नाही निघालं तर छापील प्रत हाच आधार. मधल्या पिढ्यांच्या हातात ती पडायची असेल तर फळीवर असली पाहिजे. विसाव्या शतकातल्या बहुतेक कादंबऱ्यांची अवस्था हीच आहे: जाहिरात संपलेली, हक्क न संपलेले, आणि प्रत शोधत फिरणारा वाचक एकटा.

चार तारखांवर परत येतो. ती चिठ्ठी मी अनेकदा पाहिली आहे. पहिल्या दोन तारखा एकाच महिन्यातल्या, पंधरा दिवसांच्या अंतरानं. म्हणजे कुणीतरी ते नेलं, पुरं झालं नाही म्हणून मुदत वाढवून घेतली. पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात गावांची नावं आहेत. पाखराच्या चित्राशेजारी ‘हिप्परगा तलाव’, दुसऱ्याशेजारी ‘मळ्यातली विहीर’, आणि डोंबारी चंडोलाच्या पानावर नुसतं ‘घरामागे’. ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहू नये हे मी मुलांना सांगत आलोय, पण या माणसावर मला रागावता आलं नाही. तो पुस्तक घेऊन बाहेर पडला होता.

गेल्या महिन्यात ती प्रत मी त्याच ग्रंथालयात नेली. ग्रंथपाल बाईंनी शिक्का पाहिला, आडवी रेघ पाहिली, आणि काही न बोलता दाखल नोंदवही काढली. जुना क्रमांक पुन्हा देता येत नाही म्हणाल्या. नवा क्रमांक घातला, देणगीदाराच्या रकान्यात माझं नाव लिहिलं, आणि जुन्या चिठ्ठीवर नवी चिठ्ठी चिकटवायला घेतली. मी म्हटलं, बाई, जुनी राहू द्या, नवी खाली लावा. त्यांनी तशी लावली.